रिमोटचा उजेड, प्रेसचा उजेड

टीव्हीच्या रिमोटमधून काय निघते, हे मुलांना आधी दाखवावे. रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाइलवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड उजेड. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

तो ओळखायला अर्डुइनो बोर्ड आणि टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा रिसीव्हर पुरतो. एक पाय पाच व्होल्टला, एक ग्राउंडला, एक बोर्डाच्या पिनेला. (पायांचा क्रम रिसीव्हरच्या नंबराप्रमाणे बदलतो. माहितीपत्रक पाहूनच जोडा, नाहीतर पैसे वाया.) सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणारा उजेडच हा रिसीव्हर ऐकतो.

जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत पुष्कळ रिमोटमध्ये असते. आधी ९ मिलिसेकंद उजेड, साडेचार मिलिसेकंद अंधार, मग ३२ खुणा. प्रत्येक खुणेत उजेड सारखाच; त्यामागचा अंधार आखूड असला तर शून्य, तिप्पट लांबला तर एक. बटणाचा आकडा एकदा सरळ जातो आणि लगेच उलटा, शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य. मेळ बसला नाही तर हुकूम रद्द. आम्ही पडलो बी.कॉम.वाले, आम्हाला हा जमा-नावेचा ताळाच वाटतो! प्रोग्रॅममध्ये आधी प्रत्येक बटणाचा आकडा पडद्यावर आणून वहीत उतरवावा. मग ‘हा आकडा आला तर दिवा लाव’ एवढेच लिहायचे.

एवढे समजलेल्या मुलीने चाकण-भोसरीत प्रेसशॉपला जाणाऱ्या वडिलांना विचारावे, तुमच्या मशीनला सेन्सर आहे का? तिथला लाइट कर्टनही अवरक्त उजेडावरच चालतो, पण नियम उलटा. रिमोटचा उजेड आला की काम होते. कर्टनचा उजेड तुटला की काम थांबते. हात मध्ये आला, वायर तुटली, दिवा गेला, तिन्ही वेळी प्रेस मशीन थांबलेच पाहिजे. टार्गेटसाठी तो बायपास करायला सांगितले तर साफ नाही म्हणा. घरचा अर्डुइनो मात्र तिथे कोणी लावू नये. कारखान्याच्या कर्टनमध्ये स्वतःचा बिघाड पकडणारी दुहेरी सर्किटे असतात, ती यात नाहीत.

आणखी एक. जुने की-क्लचचे प्रेस मशीन एकदा सुटले की फेरा पुरा करूनच थांबते. त्याला कर्टन लावूनही उपयोग नाही. तिथे हात आत जाणारच नाही अशी जाळी हवी. नव्या जागी लागताना मशीन कोणत्या क्लचचे आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.