निग्रह, नियम आणि कृपा

पापावरचा विजय इच्छाशक्तीने मिळतो की ईश्वरी कृपेने, हा ख्रिस्ती विचारातील जुना वाद आहे. पाचव्या शतकात पेलागियसने मानवी संकल्पावर भर दिला, ऑगस्टीनने कृपेवर. इ. स. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियसचे मत नाकारले. दुर्बलतेच्या सबबीखाली माणूस शिथिल होईल, ही त्याची भीती मात्र अनाठायी नव्हती.

तरीही ऑगस्टीनची बाजू मला अधिक खरी वाटते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल नियमशास्त्राला चांगलेच म्हणतो. पण इच्छा असूनही चांगले आपल्या हातून घडत नाही, हेही तो मान्य करतो. नियम दोष दाखवतो, बळ देत नाही. म्हणून नियमपालनालाच पावित्र्य मानणारा माणूस यशात अहंकारी होतो आणि अपयशात हताश. दोन्ही वेळा त्याची दृष्टी स्वतःवरच खिळलेली असते.

मराठी वाक्यरचनेतही हा भेद दिसतो. ‘मी निग्रह करतो’ यात ‘मी’ कर्ता आहे. ‘माझ्यावर कृपा होते’ यात तो कर्तेपद सोडतो. निग्रह त्यामुळे निरर्थक ठरत नाही. तो कृपेचे मोल नव्हे, तिला दिलेला प्रतिसाद आहे. ख्रिस्ती मराठी साहित्य वाचताना हा ‘मी’ कोठे उभा आहे, ते तुम्ही आधी पाहा.