पेशींची पण शिफ्ट असते, बॉस!

मागच्या महिन्यात लातूरला ताईकडे गेलो होतो. रात्री पावणेतीनला पाणी प्यायला उठलो, तर भाचेबुवांच्या खोलीत लाइट चालू. टेबलावर बायोलॉजीचं पुस्तक, शेजारी वाफारा घ्यायचं भांडं आणि गळ्यात मफलर. ऐन उकाड्यात, लातुरात, मफलर!

‘‘काय करायलास रे एवढ्या रात्री?’’

‘‘रिव्हिजन करायलोय मामा. तुम्हीच सांगितलं होतं ना, रात्री डोकं शांत असतं म्हणून.’’

सांगितलं होतं खरं. ‘लातूर पॅटर्न’मध्ये मीही दोन वर्षं काढली आहेत. जो जास्त जागेल तो जास्त अभ्यासू, असा आमचा हिशेब. अभ्यासिकेतून दीडला उठलेल्या पोराकडे आम्ही दयेनं बघायचो. पुढे पुण्यात नोकरी लागली, तीही अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी. म्हणजे जागरणातला माझा अनुभव तसा सॉलिड. पण ताई म्हणाली, ‘‘दिवाळीपासून चौथ्यांदा आजारी पडलाय हा.’’ ती हवेला दोष देते, भावजी मेसच्या तेलाला. मी गप्प बसलो. कारण तीन वर्षांच्या नाइट शिफ्टमध्ये माझ्याही सर्दीला सीझन उरलेला नाही.

मग जरा वाचत सुटलो. आणि कळलं, की मला जो फंडा अकरावीत कुणीतरी सांगायला हवा होता तो असा: आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी चोवीस तास एकाच जागी काठी घेऊन उभ्या नसतात. त्यांना टाइमटेबल असतं. नवा जंतू ओळखायला शिकणाऱ्या टी-पेशी रक्तात सगळ्यात जास्त दिसतात त्या रात्री. पहाटेपासून शरीरातलं कॉर्टिसॉल वाढायला लागतं, तशा त्या रक्तातून निघतात आणि त्यातल्या बऱ्याच हाडांतल्या मगजाकडे वळतात. याउलट थेट हाणामारी करणाऱ्या पेशी दिवसा रक्तात वाढतात. माणूस दिवसा हिंडणार, खरचटून घेणार, चार लोकांत जाणार. तेव्हा फौजही दिवसाच हवी.

आता गंमत बघा. हीच रक्ततपासणी रात्री झोपलेल्या आणि मुद्दाम जागवलेल्या माणसांवर करून बघितली गेली. झोपलेल्यांच्या रक्तात टी-पेशी कमी निघाल्या. गेल्या कुठे? संशोधकांचा अंदाज असा, की त्या लसिका ग्रंथींकडे जातात. लसिका ग्रंथी म्हणजे काय, तर पायाला काटा लागून पिकला की जांघेत ‘अवधाण’ येतं ना, तीच गाठ. तिथे दिवसभरात सापडलेल्या जंतूंचे तुकडे आणून या पेशींना दाखवले जातात. थोडक्यात, त्यांचा क्लास रात्री भरतो, आणि तोही आपण झोपलो तर नीट भरतो.

जर्मनीत २००३ साली याचा सरळ प्रयोग झाला. मोजक्याच तरुणांना सकाळी हेपॅटायटिस ‘ए’ची लस दिली. त्या रात्री निम्मे झोपले, निम्म्यांना जागं ठेवलं. चार आठवड्यांनी झोपलेल्यांच्या रक्तात जवळपास दुप्पट अँटिबॉडीज. एका रात्रीचा हा फरक! हे वाचून मला आमच्या ऑफिसातला फ्लूच्या लशीचा कॅम्प आठवला. शिफ्ट संपल्यावर सकाळी सातला दंड पुढे केला, तिथून थेट बस गाठली आणि गप्पांच्या नादात त्या रात्रीही झोपलो नाही. दंड मात्र दोन दिवस दुखला.

त्याच जर्मनीत, ट्युबिंगेन विद्यापीठात, २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. टी-पेशीला रोगट पेशी मारायची तर आधी तिला घट्ट चिकटावं लागतं. झोपेत हा चिकटपणा वाढतो. जागेपणी अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं तो कमी करतात. आणि २०१५ मध्ये अमेरिकेत १६४ जणांच्या नाकात चक्क सर्दीचा विषाणू सोडून बघितलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. भाच्याची झोप मी मोजली. पावणेपाच तास.

तुम्ही म्हणाल, दिवसा भरून काढू की! मीही तेच म्हणायचो. पण मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. शिफ्ट संपवून घरी जाताना तोंडावर ऊन पडलं, की ते ‘सकाळ झाली’ असंच समजतं. शिवाय शनिवार-रविवार आपण पुन्हा माणसांत येतो. या घड्याळाच्या आतली यंत्रणा फळमाशीत शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माशीला आहे, मामीला आहे, आपल्यालाही आहे.

मामीवरून आठवलं. लातूरहून मी चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेडला गेलो. मामांचं घर गुरुद्वाऱ्यापासून जवळ. तिथे रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी घागरीतून नेतात, आणि मामीचा दिवसही साधारण तेव्हाच सुरू होतो. पण तिला संधिवात आहे. पहाटे बोटं मिटत नाहीत, कपबशी धरवत नाही. दहा वाजता तीच बाई फटाफट पोळ्या लाटते. नातेवाइकांत काहींना हे नाटक वाटतं. नाटक नाही हो. या आजारात दाह वाढवणारी द्रव्यं रात्री उशिरा, पहाटेकडे चढतात, म्हणून सांधे सकाळी आखडतात. युरोपातल्या डॉक्टरांनी तर झोपताना घ्यायची आणि चार तासांनी पोटात सुटणारी स्टिरॉइडची गोळी वापरून बघितली. सकाळचा आखडलेपणा कमी झाल्याचं २००८ मध्ये छापून आलं. (हे वाचून कुणी आपल्या गोळीची वेळ परस्पर बदलू नका. आधी डॉक्टरांना विचारा.) मी हे सगळं मामांना ऐकवलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘सुनबाईलाही सांग जरा.’’

परवा भाच्याला फोन केला. अकराला आडवं व्हायचं आणि सहाला उठायचं, असा सौदा घातला. नीटचा पेपर दुपारी असतो, पहाटे तीनला नसतो, हा माझा हुकमी मुद्दा. बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याच्या अभ्यासिकेतली पोरं दोनपर्यंत बसतात, त्यांच्यासमोरून उठून यायचं म्हणजे अवघड, हे मला ठाऊक आहे. शेवटी म्हणाला, ‘‘बघतो. पण मामा, तुमचं काय?’’

घड्याळात साडेनऊ वाजत आले होते. रात्रीचे.

‘‘माझं लॉग-इन आहे रे,’’ म्हटलं, ‘‘ठेवतो.’’