हा उंदीर मोबाईलनं नाही, व्याजानं झिजला

"मोबाईल आला आणि पोरांचे खेळ मेले." आपल्याकडं हे वाक्य आता म्हणीसारखं झालंय. जत्रेतले पाळणे कमी झाले, मोबाईल. गल्लीतलं व्हिडिओ गेमचं पार्लर बंद पडलं, मोबाईल. बालनाट्याला गर्दी नाही, तेही मोबाईलच. आणि २०२० साली अमेरिकेतली चक ई. चीज ही पिझ्झा आणि व्हिडिओ गेमची जुनी साखळी दिवाळखोरीत गेली तेव्हाही निदान तयारच होतं. पोरांना मोबाईल पुरतो, त्यात कोरोना आला, संपला विषय.

मंडळी, हे निदान सोयीचं आहे, म्हणून ते खपतं. मोबाईलला दोष दिला की कुणाला जाब विचारावा लागत नाही. हिशेबाची वही उघडावी लागत नाही. मी आज ती वही उघडायला बसलोय. लांब आहे, पण वाचा. कारण अमेरिकेतल्या उंदराचा हा हिशेब शेवटी आपल्या गावच्या भूखंडापर्यंत येतो.

आधी थोडा इतिहास. नोलन बुशनेल या माणसानं १९७२ साली एका जोडीदारासोबत अटारी कंपनी काढली. व्हिडिओ गेमचा धंदा ज्यांनी उभा केला त्यातलं हे पहिल्या फळीतलं नाव. अटारी मशीन बनवून विकायची, पण त्यात पडणारी नाणी दुसऱ्याच्या खिशात जायची. शिवाय तेव्हाची मशीनं असायची बारमध्ये आणि पत्ते-बिलियर्डच्या अड्ड्यांवर. तिथं पोरांना घेऊन कोण जाणार? म्हणून १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला त्यानं पिझ्झा टाइम थिएटर सुरू केलं. पिझ्झाच का? कारण तो भाजायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोरं मशीनमध्ये नाणी टाकतात. वर यांत्रिक बाहुल्यांचा गाणारा ताफा, आणि त्याचा म्होरक्या चक ई. चीज नावाचा उंदीर. आई-बाप बसून खातात, पोरं खेळतात, वाढदिवस साजरे होतात. कल्पना एकदम पक्की होती.

इतकी पक्की, की लगेच तिची नक्कल झाली. रॉबर्ट ब्रॉक या हॉटेलवाल्यानं १९७९ मध्ये बुशनेलशी मोठा फ्रँचायझी करार केला, मग त्याला दुसरीकडं जास्त चांगल्या बाहुल्या दिसल्या आणि त्यानं करार सोडून १९८० मध्ये कॅन्सस सिटीला स्वतःचं शोबिझ पिझ्झा प्लेस उघडलं. कोर्टकचेरी झाली, तडजोड झाली, ब्रॉकनं बुशनेलला रॉयल्टी द्यायची ठरली. पुढं १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, आणि १९८४ मध्ये बुशनेलची कंपनी दिवाळखोरीत गेली. ती कुणी घेतली? शोबिझनंच.

इथं थांबा. १९८४ मध्ये मोबाईल नव्हता. तेव्हाही धंदा पडला, कारण नवीन दुकानं उघडायचा सपाटा आणि गेमवरचं अवलंबन या दोन्हींचा फुगा एकदम फुटला. पण नंतर काय झालं ते महत्त्वाचं. ज्यांना हॉटेल चालवता येतं अशा लोकांच्या हातात तो धंदा गेला, आणि पुढची तीस वर्षं तो चालला. सोनी आली, निन्टेंडो आली, घराघरात गेम आले, इंटरनेट आलं. तरी पोरांचे वाढदिवस उंदराकडंच होत राहिले. घरात गेम आला म्हणून बाहेरचं खेळणं आपोआप मरत नाही, हे या तीस वर्षांनी दाखवून दिलं.

आता २०१४. मधल्या काळात कंपनीचं नाव सीईसी एंटरटेनमेंट झालं होतं. विक्री वाढायची थांबली होती, हे खरं. पण कंपनी नफ्यात होती. आदल्या वर्षीचा निव्वळ नफा पाच कोटी डॉलरच्या आत-बाहेर. अशा वेळी अपोलो ग्लोबल मॅनेजमेंट या बड्या गुंतवणूक कंपनीनं ती साधारण १३० कोटी डॉलरला घेतली. त्यातलं शंभर कोटी डॉलरच्या आसपास कर्ज होतं. आणि हे कर्ज अपोलोच्या डोक्यावर नाही, उंदराच्या डोक्यावर बसलं.

हा प्रकार आपल्या भाषेत सांगतो. एसटी स्टँडसमोर एक चालतं हॉटेल आहे. मी ते विकत घ्यायला जातो. चार आण्याचे पैसे माझे, बारा आण्याचं कर्ज. पण कर्जाच्या कागदावर सही माझी नाही, हॉटेलची. हप्ता हॉटेलच्या गल्ल्यातून जाणार. हॉटेल चाललं तर मी शहाणा. हॉटेल बुडालं तर माझे चार आणे बुडाले, पण आचारी, वेटर, दूधवाला आणि जागामालक यांनी तर पैजेत एक पैसा लावला नव्हता. त्यांचं काय?

आकडे बघा. खरेदीनंतर वर्षाचं व्याजच सात कोटी डॉलरच्या आसपास जायला लागलं. ज्या धंद्याचा नफा पाच कोटी, त्याच्यावर व्याज सात कोटी! त्याच वर्षी कंपनीनं मालकीच्या पन्नासेक जागा विकून त्याच पुन्हा भाड्यानं घेतल्या. म्हणजे काल स्वतःच्या घरात राहणारा आज भाडेकरू झाला. त्याच वर्षी पीटर पायपर पिझ्झा ही दुसरी साखळीही विकत घेतली, ११ कोटी डॉलरहून जास्त मोजून. २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणून बाहेर पडायचा प्रयत्न झाला, तो करार मोडला. आणि २०२० च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला तेव्हा डोक्यावर कर्ज किती होतं? पुन्हा शंभर कोटी डॉलरच्या आसपास. सहा वर्षं पोरांनी नाणी टाकली, आई-बापांनी पिझ्झे खाल्ले, आणि मुद्दल होतं तिथंच.

कुणी म्हणेल, अहो पण कोरोनात सगळेच बुडाले. नाही, सगळे नाही. डेव्ह अँड बस्टर्स ही याच जातीची, पण मोठ्या माणसांची साखळी. खाणं, पिणं आणि गेम. तिचीही सगळी दुकानं मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिच्यावरही कर्ज होतं, तिलाही दिवाळखोरीची भीती होती. पण ती शेअर बाजारात होती, नवीन शेअर विकून तिनं भांडवल उभं केलं, कर्जदात्यांशी बोलणी केली आणि दिवाळखोरीत न जाता तगली. २०२४ च्या डिसेंबरात तर तिनं परदेशातलं पहिलं फ्रँचायझी दुकान उघडलं, ते आपल्या बंगळुरूला. संकट दोघींवर सारखंच आलं. एकीला हातपाय हलवायला जागा होती, दुसरीच्या गळ्यात आधीच धोंडा होता. कोरोनानं फक्त पाण्यात ढकललं.

त्या दिवसांत या कंपनीची काय अवस्था झाली होती बघा. घरपोच पिझ्झ्याच्या ॲपवर पास्क्वालीज पिझ्झा अँड विंग्स या नावानं पिझ्झा विकला जात होता. गिऱ्हाईकाला वाटायचं गल्लीतलं नवीन हॉटेल असेल. प्रत्यक्षात तो चक ई. चीजच्याच भटारखान्यातून निघत होता, पास्क्वाली हे त्या बाहुल्यांच्या ताफ्यातल्या आचाऱ्याचं नाव. आणि सप्टेंबरात कंपनी कोर्टात गेली ती ७०० कोटी छापील तिकिटं नष्ट करायची परवानगी मागायला. पोरं गेम जिंकली की मिळतात आणि बक्षिसावर बदलून घेता येतात, ती ही तिकिटं. बंद दुकानांमुळं ती पुरवठादारांकडं तुंबली होती. ती नष्ट करण्यासाठी पुरवठादारांना २३ लाख डॉलरच्या आसपास द्यायचे होते. तिसाहून जास्त दुकानं कायमची बंद झाली. तिथल्या पोरापोरींनी कुठलंही कर्ज काढलं नव्हतं.

अपोलोचाही पैसा बुडाला, हे सांगायलाच हवं. डिसेंबर २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली तेव्हा ७० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उतरलं आणि मालकी कर्जदात्यांकडं गेली. आता गंमत बघा. बोजा हलका झाल्यावर याच कंपनीनं ३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दुकानांवर घातली. उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिन आल्या, २०२४ मध्ये महिन्याचे पास सुरू झाले. जुन्या बाहुल्या मोजकी चार-पाच दुकानं सोडून सगळीकडून काढल्या, त्याबद्दल जुने चाहते हळहळले. पण दुकानं उघडी आहेत, पोरं येतात. आणि ही सगळी पोरं मोबाईल बघतच मोठी झालेली आहेत हो! मोबाईलनं मारलं असतं तर २०२० नंतर उठायलाच नको होतं.

आता आपल्याकडं येऊ. खोपोलीचं इमॅजिका आठवा. २०१३ मध्ये थाटात सुरू झालं. मनमोहन शेट्टींची कल्पना मोठी होती, यात शंका नाही. पण कर्जही तसंच मोठं होतं. गर्दी यायची, सहली यायच्या, तरी हप्ते काही पेलले नाहीत. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं ते ताब्यात घेतलं, आणि बँकांना आपल्या येण्यातल्या मोठ्या रकमेवर पाणी सोडावं लागलं. त्यात सरकारी बँकाही होत्या, म्हणजे तुमच्या-माझ्या ठेवी. उद्यान मात्र आजही चालू आहे, पोरं पाण्यात डुंबतायत. दोन्हीकडं गोष्ट एकच. पोरांची हौस कधी दिवाळखोर निघत नाही. दिवाळखोर निघतो तो तिच्यावर रचलेला कर्जाचा डोलारा.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. ऊस गोड होता, शेतकरी राबत होता, तरी कारखाना लिलावात निघाला. तेव्हाही कुणीतरी पावसाला दोष दिला होताच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तालुक्या-तालुक्यात आता फॅमिली एंटरटेनमेंट सेंटर, गेम झोन, फूड कोर्ट यांचे बोर्ड लागायला लागलेत. लागू द्या. पोरांनी खेळलंच पाहिजे, आणि धंदा करणं पाप नाही. पण जेव्हा नगरपालिकेचा भूखंड बीओटीवर द्यायचा ठराव येईल, खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवायची भाषा होईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. एक, यात स्वतःचे पैसे किती आणि कर्ज किती? दोन, कर्जाला तारण काय, कुणाची जागा? तीन, धंदा पडला तर सगळ्यात आधी कोण बाहेर पडणार आणि शेवटी कोण उरणार?

हे प्रश्न विचारले की तुम्हाला विकासविरोधी म्हणतील. म्हणू द्या. वर्तमानपत्रात रंगीत पानभर जाहिरात येईल आणि त्या पानावर हे तीन प्रश्न छापायला जागा उरणार नाही, हे मी या धंद्यात राहून सांगतोय. म्हणून इथं लिहिलं.

नगरसेवक तुमचे आहेत, सर्वसाधारण सभाही तुमचीच आहे. ठरावाची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. मैदान गेल्यावर मोबाईलला शिव्या देण्यापेक्षा ते दहा रुपये आधी खर्च करा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या.