'मूळ रूप' नावाची लबाडी : रापलेल्या आणि बदललेल्या स्पोर्ट्‌स कारविषयी

१/
ऑगस्ट २०२४. कॅलिफोर्नियातील पेबल बीच. जुन्या मोटारींच्या जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला तो १९३४ च्या एका बुगाटीला. तिचा काळा रंग तडकलेला होता, जागोजागी उडालेला होता. १९५० पासून चालत आलेल्या या स्पर्धेत जतनवर्गातील, म्हणजे जीर्णोद्धार न करता सांभाळलेल्या गाडीला हा मान प्रथमच मिळाला. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी नाके मुरडली. हा धागा दोन्ही पक्षांशी भांडण्यासाठी आहे.

२/
या वादात तीन पंथ आहेत. पहिला 'कारखान्यातून निघाली तशी' पंथ : गाडी नव्यासारखी चकचकीत हवी, प्रत्येक स्क्रू मूळ नमुन्याचा हवा. दुसरा राप पंथ : उन्हापावसाने रापलेला पत्रा आणि भेगाळलेले चामडे हेच सौंदर्य, त्याला हात लावणे पाप. तिसरा मालकी पंथ : गाडी माझी, पैसे माझे, मी ती कापीन, रुंदावीन, जांभळी रंगवीन. तिघेही 'इतिहास' हा शब्द वापरतात. माझ्या मते तिघेही त्याचा अर्थ चुकीचा लावतात आणि सर्वांत मोठी चूक पहिल्याची आहे.

३/
प्रथम ती बुगाटीच पाहू. टाइप ५९ ही ग्रां प्री शर्यतींसाठी बांधलेली गाडी. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच बनल्या. १९३४ ची बेल्जियन ग्रां प्री रने द्रेफ्यू यांनी हीच गाडी चालवून जिंकली. पुढे खुद्द कारखान्याने तिचा सुपरचार्जर काढला, तिला मडगार्ड आणि दारे बसवली आणि तिची स्पोर्ट्‌स कार केली. त्यानंतर ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि फ्रेंच निळ्या रंगाच्या जागी काळा रंग व पिवळा पट्टा आला.

४/
आता पहिल्या पंथाला माझा साधा प्रश्न : या गाडीचे 'मूळ रूप' कोणते? १९३४ ची निळी शर्यतीची गाडी? मग राजाचा रंग खरवडून काढा, दारे उपटून फेका. राजाची काळी गाडी? मग मान्य करा की मूळ रूप कारखान्यात एकदाच ठरत नाही, ते आयुष्यभर घडत राहते. पेबल बीचला जिंकलेली ही गाडी एकाच वेळी बदललेलीही आहे आणि रापलेलीही. तिन्ही पंथांचे पाठ तिच्यापुढे अपुरे पडतात.

५/
हा प्रश्न मोटारींच्या फार आधीचा आहे. मिलिंद राजाला नागसेन विचारतात : आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणतो आणि तरीही तो रथातूनच आलेला असतो. सुट्या भागांच्या बेरजेत रथ सापडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या संवादाशी लंडनच्या एका न्यायालयाला १९९० मध्ये, नकळत का होईना, सामना करावा लागला.

६/
वाद 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीचा होता. ही स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां जिंकली. नंतर ब्रुकलंड्‌सच्या शर्यतींसाठी तिच्यात बदल होत गेले, मोठे इंजिन आले. १९३२ मध्ये तिथेच अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी यांचा मृत्यू झाला. गाडी पुन्हा बांधली गेली. दशकांनंतर ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि खरेदीदार अडून बसला : यात ल मांच्या गाडीचे उरलेच काय आहे?

७/
न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की हीच खरी 'ओल्ड नंबर वन'. ल मां जिंकलेल्या गाडीचे मोजकेच भाग तिच्यात उरले होते, हे मान्य करूनही. कारण ती कधी नष्ट होऊन दुसरी जन्मली नव्हती; तिचा इतिहास अखंड होता आणि तिची जागा घेणारी दुसरी गाडी अस्तित्वात नव्हती. म्हणजे ओळख धातूच्या वजनात नाही, सातत्यात आहे. मोटारींच्या इतिहासावरील कित्येक जाडजूड ग्रंथांपेक्षा मला हा निकाल मोलाचा वाटतो.

८/
'पण बदल म्हणजे विटंबना!' असे म्हणणाऱ्यांनी १९६२ ची 'ब्रेडव्हॅन' आठवावी. काउंट जोव्हान्नी व्होल्पी यांना एन्झो फेरारींनी २५० जीटीओ द्यायला नकार दिला. फेरारी सोडून गेलेल्या अभियंत्यांना व्होल्पींनी आश्रय दिला होता म्हणून. मग जोत्तो बिझारिनी यांनी आधीची २५० जीटी घेऊन तिचे इंजिन मागे सरकवले, छप्पर शेपटीपर्यंत सपाट ओढले. पावाच्या गाडीसारखी दिसते म्हणून इंग्रजी पत्रकारांनी ते नाव ठेवले. त्या वर्षीच्या ल मांमध्ये ती बंद पडेपर्यंत जीटीओंच्या पुढे धावत होती.

९/
आज त्या गाडीला कोणी 'मूळ रूपात' परत आणू लागला, तर साऱ्या जगातील फेरारीप्रेमी त्याला फाडून खातील. मग बदल विटंबना कधी असतो आणि वारसा कधी? खरे तर शेल्बी कोब्राचा जन्मच बदलातून झाला : १९६२ मध्ये कॅरल शेल्बी यांनी इंग्लंडच्या ए.सी. कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले. शुद्धतेचा आग्रह तेव्हाच धरला असता, तर आज ज्या कोब्राच्या शुद्धतेवर तासन्‌तास वाद होतात, ती जन्मलीच नसती.

१०/
आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय घडते ते पाहा. बॉडी उघडी करतात, वाळूच्या फवाऱ्याने किंवा रसायनाने रंग पत्र्यापर्यंत उतरवतात, लांबी भरतात, घासतात, आणि त्या काळी कुठल्याही कारखान्यात नसलेली काचेसारखी चकाकी चढवतात. इटलीतल्या कारागिरांनी हाताने ठोकलेल्या बॉडीच्या दोन बाजू क्वचितच सारख्या असत. नवा कारागीर त्या सारख्या करतो. बक्षीस मिळते. जुन्या कारागिराच्या हाताची खूण मात्र कायमची पुसली जाते.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातले नुकसान सांगावे लागू नये. रंगाच्या थरांत गाडीच्या मालकांचा क्रम असतो. बॉनेटखाली जुन्या शर्यत-क्रमांकाचा ठसा असतो. आतल्या पत्र्यावर हातोड्याचे घाव असतात. हे सारे दस्तऐवज आहेत. जुने बखरीचे पान पिवळे पडले म्हणून ते नव्या पांढऱ्या कागदावर सुरेख अक्षरात उतरवून काढायचे आणि मूळ पान जाळायचे, याला आपण संपादन म्हणू का?

१२/
हा लढा वास्तूंच्या क्षेत्रात केव्हाच लढला गेला. रस्किन यांनी १८४९ मध्ये जीर्णोद्धारावर हल्ला चढवला. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती खरवडण्याविरुद्ध संस्था काढली. अलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये 'वयमूल्य' आणि 'इतिहासमूल्य' यांत भेद केला : एक काळाच्या खुणांना जपते, दुसरे पुराव्याला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की तर्कबाजी सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि वास्तूतील सर्व काळांच्या भरीचा मान राखला पाहिजे.

१३/
मोटारींना ही समज उशिरा आली. 'फिव्हा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरीन सनद २०१२ ची. तिचा आशय असा : वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदल त्याच्या इतिहासाचा भाग आहेत, नंतर करावे लागणारे बदल मूळ घडणीशी सुसंगत आणि शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत. गडाच्या तटाला सिमेंट फासलेले पाहून ज्यांचे रक्त तापते, त्यांना हे तत्त्व नवे नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तेच लोक चकाकीला भुलतात.

१४/
राप पंथीयांनी इतक्यात हुरळून जाऊ नये. २०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहातील ५९ गाड्यांचा लिलाव झाला. वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्या. त्यांतली वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. धुळीलाच भाव आला. आणि जिथे भाव येतो तिथे नक्कल येते : आज नवा पत्रा मुद्दाम गंजवून वरून पारदर्शक लेप देणारे कारागीर आहेत. तो राप म्हणजे बनावट दस्तऐवजच.

१५/
शिवाय राप म्हणजे दुर्लक्षाचे समर्थन नव्हे. गंज थांबत नाही. तो पुरावाही खातो. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशी दशके पडून राहिलेली १९२५ ची बुगाटी २००९ मध्ये वर काढली गेली. पुढे ती कॅलिफोर्नियातील म्युलिन संग्रहालयाने तशीच, कुरतडलेल्या सांगाड्यासह मांडली. ते योग्यच होते, कारण तिथे दुरुस्त करण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. पण अंगणात सडणाऱ्या गाडीवर ताडपत्री न टाकणाऱ्याने 'मी राप जपतो' म्हणू नये.

१६/
आता मालकी पंथ. जपानच्या चिबा येथील अकिरा नाकाई एअर-कूल्ड पोर्शे ९११ चे मडगार्ड स्वतःच्या हाताने कापून रुंदावतात. कॅलिफोर्नियाची सिंगर कंपनी ९६४ पिढीची ९११ घेऊन ती जवळजवळ नव्याने घडवते. शुद्धतावाद्यांना दोन्ही असह्य. मला नाहीत. ९६४ हजारोंच्या संख्येने बनल्या. त्यांतल्या काही कापल्या गेल्याने पुराव्याचा साठा रिता होत नाही. उलट नाकाईंची करवत हाच आता जपानी मोटार-संस्कृतीतला एक अध्याय आहे. पन्नास वर्षांनी कोणी तो 'दुरुस्त' करू लागला, तर मी त्यालाही विरोध करीन.

१७/
पण 'माझी गाडी, माझा हक्क' या वाक्याला मर्यादा आहे. सहाच बनलेल्या शेल्बी डेटोना कूपेंपैकी पहिली फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयात जीर्णोद्धाराविना आहे; २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदीत तिने पहिले स्थान मिळवले. अशा गाडीचा मालक हा कायद्याने मालक, पण इतिहासाच्या दृष्टीने विश्वस्त. जितके नमुने कमी, तितका हात आखडता. हा हिशेब मालकी पंथाला गैरसोयीचा आहे, म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

१८/
आणि सर्वांत मोठा विनोद ऐका. चार आसनांच्या फेरारी २५० जीटीई एकेकाळी स्वस्त होत्या. म्हणून त्यांतल्या कित्येक मोडून त्यांच्या चासी-इंजिनांवर जीटीओ आणि कॅलिफोर्निया स्पायडरच्या प्रतिकृती बांधल्या गेल्या. म्हणजे खरी गाडी मारून खोटी 'मूळ' गाडी बनवली. रुंद मडगार्डवर नाक मुरडणाऱ्या शुद्धतावादाच्याच पोटी ही हत्या जन्मली, कारण त्याने प्रतिष्ठित नमुन्याला पुजले आणि साध्या नमुन्याला भंगार ठरवले.

१९/
हा वाद आपल्याला परका नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार भारतात 'विंटेज' म्हणजे ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेले वाहन. आता आयात-निर्बंधांची दशके आठवा. सुटे भाग मिळेनात म्हणून परदेशी गाड्यांत इथली डिझेल इंजिने बसली, तुटलेले भाग गल्लीतल्या लेथवर घडले. तो जुगाड म्हणजे परमिट-राजचा चालताबोलता पुरावा. या व्याख्येपुढे मात्र तो दोष ठरतो. हा नियम सोयीचा असेल. इतिहासाची समज त्यात नाही.

२०/
म्हणून माझी कसोटी 'मूळ आहे का' ही नाही. माझे प्रश्न चार :
१. हा बदल गाडीच्या चालत्या आयुष्यातला, की आजच्या हौसेचा?
२. तो उलटवता येतो का?
३. अशा गाड्या किती उरल्या आहेत?
४. बदलापूर्वीची नोंद, छायाचित्रे, काढलेले भाग जपले आहेत का?
टायर, ब्रेक, वायरिंग बदला. ती झिजण्यासाठीच असतात आणि गाडी धावली पाहिजे. पण ज्या खुणा एकदाच निर्माण होतात, त्यांच्यापुढे हात थांबवा.

२१/
पहिला पंथ म्हणेल, 'मग सौंदर्याचे काय?' सौंदर्य नवे बनवता येते. आजही उत्तम गाड्या घडतात. साक्ष मात्र नव्याने घडवता येत नाही. १९३० च्या दशकातल्या रंगाचा थर एकदा उतरवला की जगातली सारी संपत्ती ओतूनही तोच थर परत चढत नाही. चढते ती त्याची प्रतिकृती. 'आता नव्यासारखी झाली' या कौतुकाच्या वाक्यात नेमके तेच कबूल केलेले असते : ती आता जुनी राहिली नाही.

२२/
पुढच्या वेळी एखाद्या विंटेज रॅलीत आरशासारख्या चकाकणाऱ्या गाडीभोवती गर्दी दिसली, तर मित्रांनो, कोपऱ्यात उभ्या असलेल्या फिकट रंगाच्या, परक्या इंजिनाच्या, ठिगळ लावलेल्या गाडीकडे आधी जा. मालकाला विचारा : हे ठिगळ कधीचे? हे इंजिन कुठून आले, कोणी बसवले? आणि उत्तर लिहून घ्या. तो मालक गेला की ते उत्तरही जाईल. मतभेद असतील तर खाली अवश्य मांडा. मात्र येताना पुरावा घेऊन या.