तुर्की नाश्ता खुशाल करा, पण आधी खारीचा डबा बंद करा

गेल्या महिनाभरात तीन पेशंटनी मला मोबाईलवर तोच व्हिडिओ दाखवला. मोठं टेबल, त्यावर वीस-पंचवीस छोट्या वाट्या, मधोमध टोमॅटोत शिजलेली अंडी, बाजूला काकडी, ऑलिव्ह, पांढरं चीज, मध, पाव आणि काचेच्या नाजूक ग्लासात बिनदुधाचा चहा. शेवटच्या ताईंनी विचारलं, "डॉक्टर, हा तुर्की नाश्ता शुगरला चांगला असतो म्हणे. ते ऑलिव्ह सटाण्यात मिळतील का, की नाशिकहून मागवू?"

मी विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही. चहा-खारी."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. माझं भांडण त्या व्हिडिओशी नाही. या "काही नाही"शी आहे.

तुर्की भाषेत नाश्त्याला 'काहवाल्ती' म्हणतात. त्याचा अर्थ कॉफीच्या आधीचं खाणं. आधी पोटात काहीतरी घालायचं आणि मग कॉफी प्यायची, अशी ती रीत. विसाव्या शतकात तिथे काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड वाढली आणि कॉफीची जागा चहानं घेतली, पण नाव तेच राहिलं. आपण मात्र खाणं काढून टाकलं आणि पेयालाच नाश्ता म्हणायला लागलो. सोबत खारी, टोस्ट, बटर किंवा बिस्कीट, म्हणजे मैदा, तूप नावाची स्वस्त चरबी आणि मीठ किंवा साखर. वर चहात दोन चमचे साखर. यात पोट धरून ठेवणारं प्रथिन जवळजवळ नाही आणि चोथाही नाही. 'डायजेस्टिव्ह' किंवा 'शुगर-फ्री' लिहिलेला पुडा आणून स्वतःची समजूत घालू नका. मागचा मजकूर वाचा. साखर नसली तरी बहुतेकदा पीठ आणि तेल असतंच, आणि पिठाचीही रक्तात साखरच होते.

हे किती महागात पडतं ते सांगतो. आमच्या तालुक्यातले एक पन्नाशीचे डाळिंब बागायतदार. सकाळी सहाला ग्लिमेपिराइडची गोळी, कपभर चहा, दोन खारी, आणि निघाले बागेत फवारणीला. साडेदहाच्या सुमारास दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले आणि ते बांधावरच कोसळले. घरच्यांना वाटलं औषध चढलं. विषबाधा समजूनच गाडीत घालून आणलं. ग्लुकोमीटरवर शुगर ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी तर रोज टायमावर घेतो ना!"

बरोबर. गोळी टायमावर होती, जेवण नव्हतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही खाल्लं की नाही, हे ती बघत नाही. चहातली साखर झटकन चढते आणि झटकन उतरते. वर उन्हातली मेहनत. गोळीचं काम मात्र सुरूच. म्हणून या प्रकारची गोळी घेणाऱ्यांनी ती खऱ्या नाश्त्याबरोबरच घ्यायची. आणि असा घाम-थरथर सुटली, माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तुर्की ताटाकडे वळू. त्यातलं सटाण्यात काय मिळत नाही? ऑलिव्ह आणि त्यांचं ते खारट चीज, बस. बाकी सगळं आपल्याच बाजारात आहे. त्यांचा चीजसाठीचा शब्द 'पेयनिर' आणि आपलं पनीर एकाच फारसी शब्दातून आलेले. चहा तर तिथेही 'चाय'. आणि जे दोन जिन्नस मिळत नाहीत, नेमकी त्यांचीच तुम्हाला गरज नाही. दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्लडप्रेशरच्या माणसानं लोणचं-पापड सोडून बरणीतले ऑलिव्ह आणायचे, याला काय म्हणावं?

इझमीरजवळच्या गावाचं नाव लाभलेलं 'मेनेमेन' घरी करून बघा. चौघांसाठी चार-पाच पिकलेले टोमॅटो बारीक चिरा. दोन-तीन चमचे तेलात हिरवी मिरची, हवी तर ढोबळी मिरची परता, टोमॅटो घाला आणि पाणी बरंचसं आटेपर्यंत शिजू द्या. मग पाच-सहा अंडी फोडून घाला, हलकेच ढवळा आणि भुर्जीसारखं कोरडं व्हायच्या आत, पण अंडं नीट बसल्यावर उतरवा. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस खाणार असेल तर अंडं पूर्ण शिजवा. कांदा घालायचा की नाही, यावर तिथे भांडणं होतात. २०१८ मध्ये वेदात मिलोर या तिथल्या खाद्यसमीक्षकानं ट्विटरवर कौल घेतला, तेव्हा चार लाखांहून जास्त मतं पडली आणि कांदेवाले अगदी निसटते जिंकले. आपण बागलाणातली माणसं, आपलं मत सांगायला नको.

सोबत काकडी, मुळा, कोथिंबीर-पुदिना, वाटीभर चक्का किंवा घट्ट दही, आणि पावाऐवजी बाजरीची किंवा ज्वारीची एक भाकरी. गोड हवंच असेल तर मध-जामऐवजी दोन चमचे डाळिंबाचे दाणे. अंडी खात नसाल तर टोमॅटोच्या त्याच रश्श्यात पनीर किंवा मोड आलेली मटकी शिजवा. 'चिलबिर' हा त्यांचा आणखी एक सोपा प्रकार. लसूण कालवलेल्या दह्यावर पाण्यात शिजवलेलं अंडं आणि वरून लाल तिखटाची लोण्यातली फोडणी. दही आणि अंडं एकत्र खाल्लं तर काही होतं, या भीतीला वैद्यकीय आधार नाही.

तुम्ही म्हणाल, अंड्यातला पिवळा बलक कोलेस्टेरॉल वाढवतो. अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींतूनही रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५ मध्ये काढली गेली. बहुतेक माणसांना दिवसाला एक अंडं चालतं. डायबेटिस, हृदयविकार किंवा खूप जास्त कोलेस्टेरॉल असेल तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांशी ठरवा. पण बलकाला घाबरून रोज चार खारी चहात बुडवून खाणाऱ्या माणसाला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. महागाईचं म्हणाल, तर एक अंडं टपरीवरच्या चहापेक्षा महाग नाही. आणि भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतणारा आपला जिल्हा आहे.

तुर्की नाश्ता म्हणजे औषध, असंही मात्र समजू नका. तुर्कस्तानात १९९० च्या दशकाअखेरीस डायबेटिसचं प्रमाण प्रौढांमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१० च्या पाहणीत ते १६ टक्क्यांवर गेलं. पांढरा पाव, गोड पदार्थ आणि वाढतं वजन तिथेही आहेच. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे. त्यामुळे व्हिडिओतल्या वीस वाट्यांची नक्कल नको, चार पुरेत.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. त्या व्हिडिओत सगळं घर एकत्र बसून खातं, ते कुणाला दिसलं का? आमच्याकडे घरातली बाई पाचला उठते, चहा घेते, मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचं पथ्य उरकते, पुन्हा चहा घेते आणि अकरा-बाराला उरलंसुरलं पोटात ढकलते. कांदा लावणीला जाणाऱ्या बायांचं तर त्याहून वाईट. मग त्या माझ्याकडे "चक्कर येते, डोकं दुखतं, ॲसिडिटी आहे" म्हणत येतात आणि हिमोग्लोबिन निघतं आठ. चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तुर्की लोकही चहा खाण्याबरोबरच पितात, तेवढं त्यांचं घेऊ नका. खाल्ल्यावर तासाभरानं चहा घ्या. ताटात टोमॅटो किंवा लिंबू असू द्या, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आणि घरातल्या पुरुषांनो, टोमॅटो चिरायला एमडी व्हावं लागत नाही.

किडनीचा आजार असेल तर अंडी, टोमॅटो, दही यांचं प्रमाण स्वतःच्या मनानं वाढवू नका. प्रथिनं आणि पोटॅशियम किती चालेल, ते तुमचे रिपोर्ट बघूनच ठरतं. खारी-टोस्ट बंद करून हा नाश्ता सुरू करणार असाल आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पहिले आठ-दहा दिवस घरी शुगर तपासून वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन या. डोस बदलावा लागू शकतो.

त्या ताई गेल्या आठवड्यात परत आल्या होत्या. ऑलिव्ह मागवलेच नव्हते. मेनेमेन केलं, पण नवऱ्याला मिळमिळीत वाटलं म्हणून वर ठेचा घातला म्हणाल्या. मी म्हटलं चालेल, फक्त ठेच्यात मीठ कमी टाका.