२४१ किलोची मोटरसायकल आणि चाळीसगावचा टांगा

आपल्या पोरांनी मोठी मोटरसायकल घेतली की दोन मतं लगेच ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, 'यांना माज आलाय.' आपल्यातले जाणते म्हणतात, 'एवढ्या पैशात शिक्षण झालं असतं.' दोन्हींना उत्तर द्यायला हवं आणि आम्ही ते देणार आहोत. पण आमचं खरं भांडण तिसऱ्याच गोष्टीशी आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गाडी घेतली, हार घातला, स्टेटस ठेवलं आणि ती चालवायला शिकायचं मात्र राहून गेलं.

आमच्या मित्रमंडळात यंदा रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० आली. हप्ते एकजण भरतो, शिकतोय मात्र आम्ही सगळेच. ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ पीएस ताकद आणि सगळं मिळून वजन २४१ किलो. आमच्यापैकी बहुतेकांचा हात बसलाय तो बापाच्या स्प्लेंडरवर. ती साधारण ११२ किलोची, ताकद आठ पीएस. म्हणजे वजन दुपटीहून जास्त आणि ताकद जवळपास सहापट. कायद्याच्या लेखी मात्र दोन्ही एकच, गिअरची मोटरसायकल. आरटीओच्या मैदानात स्प्लेंडरवर आठचा आकडा काढून जो परवाना मिळतो, त्याच परवान्यावर ही गाडी दुसऱ्या दिवशी हायवेला नेता येते. युरोपात मोटरसायकलच्या परवान्याला टप्पे आहेत. आधी छोटी गाडी, मग ३५ किलोवॉटपर्यंतची, त्यानंतर कितीही मोठी. आपल्याकडे ही पायरी सरकारने बांधलेली नाही. ती आपली आपणच बांधायची आहे.

आता माजाबद्दल. आपण कशावर बसायचं हे ठरवण्याचा हक्क या देशातल्या जातव्यवस्थेने हजारो वर्षं स्वतःकडे ठेवला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी मनुस्मृती जाळली, तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर ठेवली आहे आणि कुत्री व गाढवं हेच त्यांचं धन ठरवलं आहे. ते पुस्तक जळलं, पण त्यातला हिशेब अजून अनेकांच्या डोक्यात जिवंत आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका जाटव नवरदेवाला घोड्यावरून वरात काढण्यासाठी महिनोन्‌महिने झगडावं लागलं आणि शेवटी पोलिसांच्या पहाऱ्यात वरात निघाली. त्याच वर्षी गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा पाळणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. घोड्याची जागा आता बुलेटने घेतली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका दलित पोरावर हल्ला झाला. 'तुझ्या जातीचा असून बुलेट चालवतोस' म्हणत त्याच्या हातांवर वार केले, अशी तक्रार आहे. हातांवर, हे लक्षात घ्या. गाडी जाळता आली असती. पण हल्ला झाला तो क्लच आणि ब्रेक धरणाऱ्या हातांवर.

म्हणून 'गाडी ही फक्त गाडी असते, तिच्यात जात कशाला आणता' असं जे म्हणतात त्यांनी हे आधी त्या हल्लेखोरांना जाऊन समजवावं.

दुसरं मत आपल्याच माणसांचं आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्याच्या बहिणीची फी थकली आहे, ज्याच्या घरावर अजून पत्रे आहेत, त्याने ही गाडी घेऊ नये. हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे सरकारसुद्धा तिला चैनच मानतं. पण हा हिशेब घरच्या पैशांचा झाला, समाजाच्या नीतिमत्तेचा नव्हे. गावातल्या पाटलाच्या पोराने गाडी घेतली तर त्याला कोणी 'पुस्तकं का नाही घेतलीस' असं विचारत नाही. आपला पोरगा शिकला, नोकरीला लागला, आईबापाला घर बांधून दिलं आणि तिशीत स्वतःच्या पगारावर फिरायला एक गाडी घेतली, तर त्याने आयुष्यभर त्यागाचीच परीक्षा देत राहायची का? १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या बायकांना लुगडं नेसण्याच्या पद्धतीपासून दागिन्यांपर्यंतच्या जातीच्या खुणा टाकून द्यायला सांगितलं होतं. नीटनेटकं, ताठ आणि आपल्या आवडीने जगणं हा त्यांच्या विचाराचाच भाग होता.

इथपर्यंत आपले बरेच वाचक आमच्याशी सहमत असतील. पुढचं थोडं कडू लागेल.

१९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवर होते. खानदेशातून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली मंडळी न्यायला आली होती, पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. स्टेशनवर तासभर खोळंबा झाला. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मंडळींनी आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवलं. तो टांगा हाकणारा नव्हताच. थोडं पुढे जाताच मोटारीशी टक्कर होता होता वाचली आणि नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला धडकून टांगा उलटला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला, कित्येक दिवस चालता येईना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. एका बॅरिस्टरपेक्षा साधा टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिलंच. पण आपला मान राखायच्या नादात आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे नोंदवलं. आपण हा प्रसंग भाषणात सांगतो तेव्हा पहिला भाग सांगतो आणि टाळ्या घेतो. दुसरा भाग गाळतो.

चाळीसगावच्या त्या भल्या माणसाकडे टांगा शिकायला ना वेळ होता ना संधी. तो दोषी नाही. दोष त्याला लगाम हातात न देणाऱ्या व्यवस्थेचा. आज मात्र लगाम आपल्या हातात आहे, रिकामं मैदान आहे, रविवार आहे. मग आपल्याला कोणती सबब उरते?

शिकण्यासारखं काय असतं, असं विचारणारे बरेच भेटतात. गाडी चालवता येते की! आम्ही पहिले दोन रविवार इंजिन सुरूच केलं नाही. डाव्या बाजूला उभं राहून, कंबर गाडीला टेकवून ती नुसती ढकलायची, वळवायची, मागे घ्यायची. २४१ किलो सरळ उभे असताना एका बोटावर तोलता येतात. जरा कलले की दोन माणसांना आवरत नाहीत. ही गाडी बसायला बुटकी आहे, सीटची उंची ७४० मिलिमीटर, त्यामुळे आमच्यातल्या बुटक्यांचेही पाय टेकतात आणि तिथेच खोटा धीर येतो. शिवाय पाय ठेवायची जागा पुढे आहे. स्प्लेंडरवर वाढलेला पाय घाईत ब्रेक खाली शोधतो आणि तिथे काहीच नसतं. पायाला नवी जागा कळेपर्यंत गर्दीत जायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

मग हाफ क्लच. आपल्याला लहानपणापासून सांगतात की हाफ क्लचवर गाडी चालवली की प्लेटा जळतात. हायवेला ते खरं. पण जड गाडी माणसाच्या चालीने वळवायची तर थोडा क्लच, एकसारखा रेस आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला, याशिवाय इलाज नाही. हँडल वळलेलं असताना, संथ वेगात, पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी त्याच बाजूला आडवी होते. वाहतुकीत जड गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच. आणि नजर! जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. वळताना मान फिरवून वळणाच्या टोकाकडे बघायला आमच्यातल्या एकाला महिना लागला. तो आता बाकीच्यांना शिकवतो.

ब्रेकचा सराव तर वेगळाच. सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर आधी चाळीसच्या वेगाने, मग साठच्या. पुढचा ब्रेक एकदम न दाबता पिळत न्यायचा, कारण थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण दगड मांडून मोजलं की अंगात मुरतं. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, रस्त्यावरची खडी मात्र ते उचलत नाही. डबलसीट बसवल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागतं. गाडीचं पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटर वर आहे आणि आपल्या ग्रामपंचायतींचे गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात ते देवालाच, म्हणजे कुणालाच, ठाऊक नाही.

पडलेली गाडी उचलण्याचाही सराव आम्ही केला. जुनी गादी टाकून ती मुद्दाम आडवी केली. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, पाठ सरळ आणि पायांच्या जोराने मागे मागे छोटी पावलं टाकायची. आमच्यातल्या पंचावन्न किलोच्या एका ताईने ती एकटीने उभी केली. तेव्हापासून 'बायकांना झेपेल का' हा प्रश्न आमच्यात कोणी काढत नाही. तिने तर पुढे जाऊन विचारलं की वस्तीतल्या किती बायका साधी स्कूटी चालवतात, आणि ज्या चालवतात त्यांच्या नावावर किती गाड्या आहेत. उत्तर देताना सगळ्यांची बोटं एका हातावर संपली.

हे सगळं कशासाठी? २०२२ साली भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून जास्त. सरकारी अहवालात जातीचा रकाना नसतो. पण रात्रपाळी संपवून, अंधाऱ्या रस्त्याने, गुळगुळीत टायरच्या दुचाकीवर घरी परतणारा कोण असतो हे आपल्याला अहवालाशिवाय कळतं. एक कमावता पोरगा गेला की त्याच्यामागे धाकट्यांचं शिक्षणही जातं. ज्यांना पैशाचा हिशेब करायचा आहे त्यांनी तो इथे करावा.

आणि म्हणूनच १४ एप्रिलच्या रॅलीबद्दल बोलावं लागतं. निळा झेंडा, तिघं एका गाडीवर, डोक्यावर पट्टी पण हेल्मेट नाही, कापलेला सायलेन्सर, दवाखान्यासमोर फटाके वाजवल्यासारखा आवाज. इतर समाजांच्या मिरवणुका याहून वाईट असतात, हे आम्हाला माहीत आहे. पोलिसांची शिटी आपल्याकडेच आधी वळते, हेही. पण त्यांच्याइतकं बेजबाबदार असण्याचा हक्क मिळवायला चवदार तळ्यावर कोणी मार खाल्ला नव्हता. ज्याला आपल्या गाडीचा मूळ आवाज पुरत नाही, त्याला गाडी कळलेली नाही. या इंजिनाला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जो संथ घुमार येतो, तो ऐकायला एकदा शांत रस्त्याला जाऊन बघा.

शांत रस्ते मात्र शोधावे लागतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरही बंदी. स्प्लेंडर असो की सुपर मिटिऑर, दोघी बाहेर. नागपूरहून दीक्षाभूमीची माती कपाळाला लावून चैत्यभूमीला यायचं तर जुन्या रस्त्याने, ट्रकांच्या रांगेतून. ट्रक ओलांडताना आधी गाडी आत ओढली जाते आणि त्याच्या पुढे निघताच वारा बाजूने ढकलतो. हात घट्ट आवळले तर गाडी आणखी डगमगते. कोपरं सैल, गुडघे टाकीला आणि नजर लांब.

पावसाळा संपल्यावर आम्ही मसूर ते कोरेगाव जाणार आहोत. सातारा जिल्ह्यातला हा रस्ता आज मोटरसायकलला साधारण तासाभराचा आहे. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव आणि बरोबरची मुलं मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा त्यांची जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. दुप्पट भाडं घ्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. रात्री टोलनाक्यावर त्यांना पाणी मिळालं नाही. डबा होता, पण पाण्यावाचून जेवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मुलं पोहोचली.

ज्यांना यायचं असेल त्यांनी या. शंभर सीसीची असेल तरी या, आम्ही तिच्याच वेगाने चालू. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट दोघांनाही, मागे बसणाऱ्यालासुद्धा, सायलेन्सर कंपनीचाच, कागद पूर्ण, टायरची हवा आदल्या रात्री नव्हे, निघताना सकाळी तपासलेली. आदल्या रविवारी मैदानात ब्रेकचा सराव होईल, तो केल्याशिवाय कोणाला रांगेत घेणार नाही. आणि पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या घ्या.