फौजदाराचा चहा गार होतो, तेव्हा...

दुर्गहून राजनांदगावकडे निघालेली पॅसेंजर रसमडा स्टेशनात क्षणभर टेकते आणि पुढे निघते. आजूबाजूला औद्योगिक वसाहत, कारखान्यांची धुराडी, मालाच्या ट्रकांची वर्दळ. मागे भिलाईचा अजस्र पोलाद कारखाना. याच रुळांवरून पश्चिमेला जात राहिलं, तर नागपूरमार्गे साधारण अकराशे किलोमीटरवर मुंबई येते. आता प्रश्न असा, की रसमड्यात किंवा भिलाईत राहणाऱ्या माणसानं मुंबईच्या, न्यूयॉर्कच्या नाही तर स्टॉकहोमच्या पोलीस चौकीत काय चाललंय, याची उठाठेव का करावी? तीही तीस-चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या!

पण वाचक ती करतात. रहस्यकथांच्या दुनियेत गुप्तहेर आले आणि गेले, पण महानगरातल्या साध्या पोलिसांच्या जुन्या कादंबऱ्या अजून वाचल्या जातात. त्यात ना कुणी अचाट बुद्धीचा डिटेक्टिव्ह, ना शेवटच्या पानावर दिवाणखान्यात सगळ्यांना गोळा करून केलेला गौप्यस्फोट. असतो तो एक दमलेला फौजदार, टेबलावर गार झालेला चहा आणि लिहायचे राहिलेले रिपोर्ट.

मराठी वाचकाला रहस्यकथेची गोडी लावली ती बाबुराव अर्नाळकरांनी. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचे झुंझार आणि काळा पहाड घराघरांत पोचले होते. छत्तीसगडात भोसल्यांच्या राज्यापासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत, नंतर रेल्वे आणि पोलाद कारखान्याच्या नोकऱ्यांमुळे आलेलीही आहेत. अशा घरांत अर्नाळकरांच्या शेजारी हिंदी पॉकेट बुक्सही सुखानं नांदली. पण या बहुतेक कथांत खरा पराक्रम नायकाचा. पोलीस उशिरा येणार, बेड्या घालणार आणि नायकाचे आभार मानून निघून जाणार.

हे चित्र उलटं केलं ते एड मॅकबेननं. १९५६ साली त्याची ‘कॉप हेटर’ ही कादंबरी आली आणि तिथून ‘८७ व्या प्रिसिंक्ट’ची, म्हणजे एका पोलीस ठाण्याची मालिका सुरू झाली. ती २००५ पर्यंत, म्हणजे त्याच्या निधनाच्या वर्षापर्यंत चालली. पुस्तकांची संख्या पन्नासच्या वर! शहराचं नाव काल्पनिक, पण ते न्यूयॉर्कच आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मॅकबेनची कल्पना साधी होती. नायक एक माणूस नाही, तर सगळं ठाणंच नायक. त्यातला स्टीव्ह कॅरेला हा डिटेक्टिव्ह तर तिसऱ्याच पुस्तकात मरणार होता. प्रकाशकांनी हट्ट धरला, म्हणून वाचला आणि पुढे पन्नास वर्षं नोकरी करत राहिला.

मॅकबेनची आणखी एक गंमत म्हणजे कागद. कथेच्या मधेच तो पोलिसांचा छापील फॉर्म, बोटांच्या ठशांचं कार्ड, तपासणीचा अहवाल जसाच्या तसा छापायचा. वाचणारा क्षणभर थबकतो आणि मग त्याच्या लक्षात येतं, की आपणही आता तपासाला बसलो आहोत.

भिलाईच्या वाचकाला हे लवकर उमगेल. इथं कामाचं घड्याळ पाळ्यांवर चालतं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. पोलाद एका माणसाच्या हुशारीतून निघत नाही. भट्टी १९५९ साली पेटली, तेव्हापासून एका पाळीनं दुसऱ्या पाळीच्या हाती काम सोपवायचं आणि घरी जायचं, ही इथली रीत. जुन्या पोलीस कादंबरीतलं ठाणंही असंच चालतं. रात्रीचा हवालदार डायरीत दोन ओळी लिहितो, सकाळचा फौजदार त्या वाचतो आणि त्यातल्या एका ओळीवरून खुनाचा धागा सापडतो. कुणी त्या ओळी लिहिण्याचा कंटाळा केला असता, तर? कादंबरीचा सगळा थरार त्या ‘तर’मध्ये आहे.

स्वीडनच्या मॅय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्यानं हाच प्रकार पुढे नेला. मुलं झोपली, की रात्री दोघं लिहायला बसायची. एक प्रकरण तिचं, एक त्याचं! १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या झाल्या. त्यांचा नायक मार्टिन बेक. याला सर्दी होते, पोट बिघडतं, घरात बायकोशी पटत नाही. पहिल्याच कादंबरीत एका कालव्यातून अनोळखी तरुणीचं प्रेत निघतं आणि ती कोण, एवढं कळायलाच महिने जातात. दुसरा लेखक असता, तर ते महिने एका वाक्यात उडवले असते. या दोघांनी ते वाचकाला बेकबरोबर काढायला लावले. पण त्यामुळेच त्या अनामिक मुलीला नाव मिळतं, तेव्हा वाचकाचा जीव हलतो. तिची कुणीतरी एवढे दिवस चिकाटीनं चौकशी केली, हीच तिला मिळालेली पहिली दाद.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुंबई पोलिसांतला जगप्रसिद्ध कादंबरी-नायक निर्माण केला तो एका इंग्रजानं. एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर गणेश घोटे १९६४ साली ‘द परफेक्ट मर्डर’मधून अवतरला. कीटिंग यांनी तोपर्यंत मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती! पुढची सुमारे दहा वर्षं ते नकाशे आणि पुस्तकं समोर ठेवूनच मुंबई रंगवत राहिले. नायकाला आधी घोष नाव द्यायचं ठरलं होतं. ते बंगाली आहे, असं कुणी लक्षात आणून दिलं, तेव्हा घोषचा घोटे झाला. आता बोला!

पण घोटे लोकांना आवडला, कारण तो अगदी आपल्यातला आहे. वरिष्ठांना बिचकणारा, श्रीमंतांच्या बंगल्यात अवघडणारा, बायकोला वेळ देता येत नाही म्हणून ओशाळणारा. पहिल्याच पुस्तकात खुनी हल्ल्याच्या तपासाबरोबर त्याच्या गळ्यात दुसरी केस पडते. मंत्र्यांच्या टेबलावरून चोरीला गेलेली एक रुपयाची नोट! दोन्हीकडे त्याला तेवढंच लक्ष द्यावं लागतं. सरकारी नोकरी केलेल्या कुठल्याही वाचकाला इथं हसू येईल आणि थोडं दुखेलही. १९८८ साली या पुस्तकावर सिनेमा आला, त्यात घोटे झाले होते नसीरुद्दीन शाह.

खऱ्या मुंबईतही असा तपास झालाच आहे. १९६८ सालची गोष्ट. उपनगरांत रात्री उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांचे खून पडत होते. लोक हातात काठ्या घेऊन रात्र रात्र जागत होते. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. काही वर्षांपूर्वी अशाच खुनांच्या वेळी एक संशयित ताब्यात घेतला होता आणि पुरावा नाही म्हणून सोडला होता. त्याची नोंद मात्र दप्तरात राहिली होती. अखेर ऑगस्ट महिन्यात अ‍ॅलेक्स फियाल्हो या फौजदारानं रस्त्यात एका माणसाला हेरलं. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. तो रामन राघव. पुढे त्यानं एक्केचाळीस खुनांची कबुली दिली. हा माणूस सापडला तो कुणाच्या अचाट तर्कामुळे नव्हे, तर जपून ठेवलेल्या कागदामुळे आणि उघड्या डोळ्यांमुळे.

ठशांचं हे शास्त्रसुद्धा आपल्याच मातीत रुजलं. ठशांची नोंद ठेवणारं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडलं. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांचा मोठा वाटा होता. त्याच कलकत्त्यात, त्याच दशकात, डिटेक्टिव्ह खात्यातले प्रियनाथ मुखोपाध्याय आपल्या नोकरीतले अनुभव ‘दारोगार दप्तर’ या नावानं बंगालीत लिहीत होते. तेव्हा पोलिसांच्या दप्तरातून गोष्ट काढणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही.

मराठीत या वाटेनं गेलेली सगळ्यात जळजळीत गोष्ट म्हणजे श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. विजय तेंडुलकरांनी तिच्यावरून पटकथा लिहिली आणि १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. ओम पुरींचा फौजदार वेलणकर प्रामाणिक आहे, तडफदार आहे. पण वरून येणाऱ्या दबावानं तो पिचत जातो आणि एक दिवस त्याच्या हातून कोठडीत आरोपी मरतो. कॅरेला आणि बेक यांच्या दहा पुस्तकांनी जे कळतं, ते इथं एका प्रसंगात कळतं. धीर सुटलेला पोलीस आणि गुन्हेगार यांच्यातली भिंत फार पातळ असते.

इथंच या कादंबऱ्यांचं खरं मोल आहे. पडद्यावरचा हल्लीचा पोलीस दार लाथेनं उघडतो, दोन थोबाडीत देतो आणि गुन्हेगार पोपटासारखा बोलू लागतो. कधी तर कोर्टापर्यंत जायचे कष्टही घेत नाही, पिस्तुलानंच निकाल लावतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यानं घातलेला हा दंडक २०२४ साली लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा, असं राज्यघटना सांगते. अटकेचा मेमो करा, नातेवाइकांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात दिले. म्हणजे थोबाडीत मारून गुन्हा ‘उघडकीस’ येईल, पण कोर्टात टिकणार नाही. टिकेल तो पंचनामा, साक्षीदार, ठसा, वेळेवर केलेली नोंद.

घरातली माणसं संध्याकाळी टीव्हीपुढे बसतात, तेव्हा लहान मुलं काय शिकतात, हा विचार करण्यासारखा आहे. लाथ मारणारा पोलीस हाच चांगला पोलीस, असं त्यांच्या मनात बसलं, तर उद्या ती लाथ कुणाच्या दारावर बसेल, सांगता येत नाही. ठाण्यात गेल्यावर ‘तक्रार लिहून घ्या आणि प्रत द्या’ असं म्हणणारा नागरिक घडायला हवा असेल, तर कागदाची किंमत सांगणारी गोष्टही त्याच्या कानावर पडायला हवी.

या पुस्तकांत दोष नाहीत, असं नाही. कितीतरी ठिकाणी बायकांच्या वाट्याला वाट पाहण्यापलीकडे काही येत नाही. मॅकबेनच्या काही कथा घाईत उरकलेल्या वाटतात. कीटिंग यांच्या घोटेचं इंग्रजी तर मराठी माणसाला अधूनमधून खटकतंच. पण टेलिफोनच्या डायलचा आवाज, टाइपरायटरची खडखड, कार्बन पेपर, पावसात बंद पडलेली जीप, या सगळ्यातून ती जुनी शहरं पुन्हा उभी राहतात. मोबाइल नाही, कॅमेरे नाहीत. चालत जायचं, दार वाजवायचं, विचारायचं. उत्तर नाही मिळालं, तर पुढचं दार.

सुरुवात कुठून करावी? हसत हसत शिरायचं असेल, तर घोटे. वेग हवा असेल, तर मॅकबेन. पावसाळ्यातली निवांत रविवार दुपार असेल, तर मार्टिन बेक. आणि मन घट्ट असेल, तर ‘सूर्य’.

महाराष्ट्रात ज्याला ‘पीआय’ म्हणतात, त्याला दुर्ग-भिलाईकडे ‘टीआय’ म्हणतात. स्टेशन डायरीला तिकडे ‘रोजनामचा’. नावं बदलली, तरी काम तेच. रातपाळी संपवून रसमड्याच्या कारखान्यातून कामगार सायकलवर घरी निघतो, त्याच वेळी कुठल्याशा ठाण्यात एक हवालदार झोपाळल्या डोळ्यांनी शेवटची नोंद करत असतो. तिच्यावर कुणाचा तरी न्याय अवलंबून असेल, हे त्याला ठाऊकही नसतं. चहा गार झालेला असतो. नोंद मात्र झालेली असते.